भुताच्या खेळांत हंसूं कोठें शोभतें?

माणसाच्या मनांत भीति आणि हास्य यांचीं घरें अगदीं शेजारीं शेजारीं आहेत. अंधाऱ्या बोळांतून जातांना ज्याला दरदरून घाम फुटतो, तोच दिव्याच्या उजेडांत पोहोंचल्यावर सर्वांत मोठ्यानें हंसतो. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या आजीबाईंस हें मर्म पूर्वींपासून ठाऊक आहे. आजकाल त्यांची ही कामगिरी बऱ्याच अंशीं दूरचित्रवाणीवरील मालिकांनीं पत्करली आहे. आणि एकदां गाजलेली भुताची मालिका कांहीं वर्षांनीं पुन्हां उभी करण्याचा प्रघातही पडला आहे. अशा वेळीं घरोघर एक वाद ऐकूं येतो. कोणी म्हणतात, भूत मुळांत नाहींच, तेव्हां त्याची यथेच्छ टर उडवावी. कोणी म्हणतात, हंसूं आलें कीं भय पळालें, आणि भय पळालें कीं खेळाचा प्राण गेला. आम्हांस हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. दोघेही हंसूं किती असावें एवढेंच मोजीत बसतात. तें कोणत्या वेळीं यावें आणि कोणाच्या जिवावर यावें, या प्रश्नाकडे त्यांचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें सर्व कांहीं या दुसऱ्या प्रश्नावरच अवलंबून आहे.

उदाहरणादाखल झी मराठी वाहिनीवरील 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका घेऊं. तिचा पहिला भाग २०१६ सालीं, दुसरा २०१९ सालीं व तिसरा २०२१ सालीं सुरू झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एका जुन्या वाड्यांतील नाईक कुटुंबाची ही कथा. पहिल्या भागाच्या आरंभींच घरचे कर्ते पुरुष अण्णा वारतात आणि दूरदूरचीं मुलेंबाळें वाड्यांत गोळा होतात. दुसरा भाग काळाच्या मागें जातो; त्यांत अण्णा जिवंत आहेत, त्यांचा दरारा आहे, त्यांच्या पत्नी माई सर्व कांहीं मुकाट्यानें सोसीत आहेत आणि शेवंता नांवाची स्त्री अण्णांच्या आयुष्यांत येऊन आपला नाश ओढवून घेत आहे. तिसऱ्या भागांत तींच अण्णा व शेवंता भुतांच्या रूपानें वाड्यांत वावरतात. या सगळ्या काळोखांत पांडू नांवाचा एक विसराळू गडी आहे. त्याची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर यांचा मालिकेच्या लेखनांतही हात होता. पांडूच्या मालवणी बोलण्यानें प्रेक्षकांस हंसूं फुटे, आणि अनेकांस तो अण्णांइतकाच लक्षांत राहिला.

येथें पहिली गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी अशी कीं, भुताची कथा दुसऱ्यांदा सांगणें हें पहिल्यांदा सांगण्याहून कठीण काम आहे. भय हें अनोळखीपणावर जगतें. पहिल्या खेपेस दाराआड कोण आहे हें प्रेक्षकांस माहीत नसतें. दुसऱ्या खेपेस तें माहीत असतें. तिसऱ्या खेपेस तर प्रेक्षक त्याची वाटच पहात असतात, त्याच्या लकबींची नक्कल करतात आणि त्याच्या नांवानें एकमेकांस चिडवितात. ज्या भुतानें झोंप उडविली तें अशा रीतीनें घरचें होऊन बसतें. मग पुनरुज्जीवन करणारांपुढें दोन मोह उभे राहतात. एक, किंकाळ्या व काळोख दुप्पट करून गेलेलें भय बळजबरीनें परत आणणें. दुसरा, भय गेलेंच आहे तर सारा विनोदच करून सोडणें. मालिकेच्या दुसऱ्या भागाच्या कर्त्यांनीं या दोन्ही मोहांस बगल देऊन तिसरा मार्ग धरला, तो आम्हांस शहाणपणाचा वाटतो. त्यांनीं भुताकडे पाठ फिरवून जिवंत माणसाकडे पाहिलें. अण्णा भूत होण्यापूर्वीं कसे होते, त्यांनीं कोणावर काय अन्याय केला, हें सांगितलें. प्रेक्षकांस शेवट ठाऊक होता. तरीही ते पहात राहिले, कारण माईंचें दुःख त्यांस नवें होतें.

आतां आपण आपल्याच मुलखाकडे वळूं. अद्भुत आणि विनोद एकाच रंगमंचावर नांदविण्याचा प्रयोग मराठींत झाला तो सांगलीस. कर्नाटकांतील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ १८४२ सालीं सांगलींत झाले. ते पाहून संस्थानाधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनीं आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांस तसाच खेळ मराठींत रचण्यास सांगितलें. त्याप्रमाणें १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' हें नाटक सांगलीच्या राजवाड्यांत झालें. ५ नोव्हेंबर हा दिवस त्याच स्मरणार्थ मराठी रंगभूमि दिन म्हणून पाळला जातो, आणि सांगलींतील नाट्यगृहही भावे यांचेंच नांव मिरवितें.

त्या खेळांचा क्रम पाहण्यासारखा होता. आरंभीं सूत्रधाराचें मंगलाचरण होई. मग विदूषक येई आणि सूत्रधाराशीं त्याची थट्टामस्करी चाले. त्यानंतर गजानन प्रकट होत, मग मोरावर बसलेली सरस्वती येई, आणि मग मुख्य आख्यानास सुरुवात होई. राक्षसांचें आगमन झालें कीं राळेचे भपकारे उडत, मशाली हालत आणि भयंकर आरोळ्यांनीं सभा दणाणून जाई. भावे हे पदें रचीत व सूत्रधार तीं गाई. पात्रांचीं भाषणें मात्र बहुतेक त्यांच्या समयस्फूर्तीवर सोंपविलेलीं असत. म्हणजे राक्षसानें किती ओरडावें आणि विदूषकानें किती बोलावें, याला लेखी लगाम नव्हता. लगाम होता तो क्रमाचा. हंसविणारा अगोदर, पूज्य देवता त्यानंतर, आणि भयप्रद पात्रें त्याहीनंतर. विदूषक जणूं देवडीवरचा पहारेकरी. लोकांचा दिवसभराचा शीण आणि अवघडलेपणा तो दारांतच उतरवून ठेवी, म्हणून पुढचें गांभीर्य त्यांच्या मनांत सुखानें शिरे.

या नाटकांचें पुढें काय झालें, हेंही आपल्या विषयास तितकेंच उपयोगी आहे. १८५३ सालीं भावे यांच्या मंडळींनीं मुंबईस प्रयोग केले. त्यांचें पाहून गांवोगांव नाटकमंडळ्या निघाल्या. प्रत्येक मंडळीस राळ हवी होती, तलवारी हव्या होत्या, आरोळ्या हव्या होत्या. कथेंतील दुःख मागें पडलें आणि आरडाओरड पुढें आली. शेवटीं त्या राक्षसी गर्जनेवरून लोकांनीं या खेळांस 'अललडुर्र' नाटकें असें नांव ठेवलें. ज्या राक्षसानें भिववावयाचें तोच हंसें करून घेऊं लागला. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें 'थोरले माधवराव पेशवे' हें लिखित नाटक आलें, १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, आणि जुना खेळ हळूहळू मागें हटला. विनोद वाढल्यामुळें तो बुडाला असें म्हणतां येणार नाहीं. प्रेक्षकांस न विचारतां भलत्या ठिकाणीं हंसूं येऊं लागलें, तेव्हां तो बुडाला. आजच्या ज्या मालिका भय आटलें कीं आवाज वाढवितात, त्यांनीं हा इतिहास जरूर लक्षांत ठेवावा.

आतां दुसरा प्रश्न, हंसूं कोणाच्या जिवावर यावें हा. यासाठीं सातारा जिल्ह्याच्या एका सुपुत्राची आठवण करूं. कऱ्हाडाजवळच्या टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर यांच्याइतका बुद्धीचा कैवारी महाराष्ट्रांत क्वचितच झाला. आंधळ्या रूढींवर त्यांनीं जन्मभर प्रहार केले. परंतु त्याच आगरकरांनीं शेक्सपिअरचें 'हॅम्लेट' हें नाटक 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलें. आणि त्या नाटकाचा आरंभच मृत राजाच्या पिशाच्चानें होतो. भूत न मानणाऱ्या पुरुषानें भुताचें नाटक कां निवडावें? आमच्या समजुतीप्रमाणें, तें पिशाच्च एका दडपलेल्या अन्यायाची हांक आहे आणि नाटक त्या अन्यायाविषयीं आहे, हें त्यांनीं ओळखलें असलें पाहिजे.

या नाटकांत विनोदही आहे, आणि तो कोठें आहे तें पाहणें बोधप्रद होईल. पिशाच्च भेटून गेल्यावर तें भूमीखालून बोलूं लागतें, तेव्हां राजपुत्र त्याच्याशीं थट्टेचे शब्द बोलतो. प्रेक्षकास हंसूं येतें, परंतु त्या हंसण्यानें पिशाच्च खोटें ठरत नाहीं. ज्याच्या बुद्धीवर असह्य भार पडला आहे अशा तरुणाचा तो कंप आहे. पुढें थडगें खणणारे लोक एकमेकांशीं विनोद करतात. राजपुत्रही त्यांच्याशीं वाद घालतो. जुन्या राजविदूषकाची कवटी हातीं येते. इतक्यांत प्रेतयात्रा येते, आणि थट्टा तेथेंच थांबते. प्रेत येईपर्यंत विनोदास पूर्ण मोकळीक. प्रेत आलें कीं त्यानें बाजूस सरावें. पुनरुज्जीवन करूं पाहणाऱ्या लेखकानें एवढा एक प्रसंग नीट अभ्यासला, तरी त्याचें निम्में काम होईल.

कोणी म्हणेल, हें झालें गंभीर नाटकांचें. परंतु जी कथा मुळांतच विनोदी आहे तिचें काय? तशींही उदाहरणें आपल्याकडे आहेत. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' हा चित्रपट १९९३ सालीं आला. त्यांत तात्या विंचू नांवाच्या गुंडाचा जीव एका बाहुल्यांत शिरतो, आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांनीं रंगविलेल्या भाबड्या शब्दभ्रमकाराच्या मागें लागतो. सारें नाट्यगृह खदखदा हंसे. पण त्या बाहुल्याला खरोखरच त्या बिचाऱ्याचें शरीर हवें होतें, हें कोणी विसरत नसे. धोका खरा होता, म्हणून विनोदाला धार होती. तब्बल वीस वर्षांनीं, २०१३ सालीं, त्याचा दुसरा भाग निघाला. तोंवर पहिल्या वेळीं आईच्या पदराआड लपलेलीं मुलें मोठीं झालीं होतीं आणि तात्या विंचू त्यांच्या लाडका झाला होता. लाडक्या झालेल्या भुतास पुन्हां भयंकर करणें किती अवघड, हें तेथें दिसून आलें.

दुसरें उदाहरण बालरंगभूमीचें. रत्नाकर मतकरी यांचें 'अलबत्या गलबत्या' हें नाटक आपल्यापैकीं अनेक पालकांनीं बालपणीं पाहिलें असेल. त्यांतील चिंची चेटकीण पूर्वीं दिलीप प्रभावळकर यांनीं गाजविली. २०१८ सालीं चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखालीं तें नाटक पुन्हां उभें राहिलें, तेव्हां वैभव मांगले चेटकीण झाले, आणि नव्या पिढीनेंही त्यावर तितकेंच प्रेम केलें. याचें कारण आम्हांस असें दिसतें: ही चेटकीण हास्यास्पद आहे ती तिच्या स्वतःच्या लोभामुळें व घमेंडीमुळें. गर्विष्ठ बलवानाची फजीति पाहून हंसणें हा आपल्या कथाकीर्तनांतला जुना संस्कार आहे. सीतेच्या स्वयंवरांत शिवधनुष्य उचलावयास गेलेला रावण त्याच धनुष्याखालीं कसा चेंगरला, हें हरिदास रंगवून सांगूं लागले कीं श्रोते पोट धरधरून हंसतात. तें हंसूं निर्मळ आहे, कारण तें दहा तोंडांच्या गर्वावर आहे.

परंतु सगळें हंसूं असें निर्मळ नसतें. भुताच्या खेळांत गड्याचा भोळेपणा, वेड्याचें बरळणें, एकाकी म्हातारीचा अवतार, अंगांत येणाऱ्या बाईचे केस मोकळे सोडून घुमणें, यांवर हंसें पिकविण्याची एक खोड आहे. येथें आम्हांस विनोदाहूनही मोठ्या गोष्टीची काळजी वाटते, आणि ती सांगण्यास सातारा हेंच योग्य ठिकाण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. त्यांचें महाविद्यालयीन शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजांत व वैद्यकीय शिक्षण मिरजेस झालें. १९८९ सालीं त्यांनीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापन केली. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यास त्यांची हत्या झाली, आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं ते वर्षानुवर्षें झगडले तो त्याच वर्षीं राज्यांत झाला. त्या कायद्यानें कोणतीं कृत्यें गुन्हा ठरविलीं आहेत, त्यांची यादी एकदां वाचून पहावी. भूत उतरविण्याच्या निमित्तानें माणसास दोरखंडानें बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें; अमुक इसम करणी करतो असें भासवून त्याचें जगणें मुष्कील करणें; साप किंवा विंचू चावलेल्यास दवाखान्यापासून अडवून मंत्रोपचार करणें. कोणी अशा गोष्टी करीत होतें, म्हणूनच हा कायदा करावा लागला. ज्या मुलखांत भुताचें भय असें माणसांच्या अंगावर वळ उठवितें, तेथें भुताचा खेळ पुन्हां मांडणारावर कांहीं जबाबदारी येते.

ही जबाबदारी म्हणजे भुतांच्या कथांवर बंदी घालणें असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. आगरकरांस जें नाटक वर्ज्य वाटलें नाहीं, तें आम्हांस वर्ज्य वाटण्याचें कारण नाहीं. कल्पनेंतील भय हें व्यायामासारखें आहे. त्यानें मन घट्ट होतें. परंतु कथेंतील भूत हें कल्पनेचें आहे हें प्रेक्षकास कळावें, आणि त्या भुतामागचें दुःख हें खरें आहे हेंही त्यास कळावें, इतका विवेक लेखकाजवळ पाहिजे. विनोद येथें मोठाच मित्र आहे. घाबरलेला माणूस स्वतःच्या घाबरण्यावर हंसला कीं त्याची बुद्धि जागी होते. मंत्रतंत्राचा बाजार मांडणाऱ्या लबाडावर हंसला कीं त्याचें भय ओसरतें. पण जिच्या अंगांत येतें त्या पीडित स्त्रीवर हंसला, तर त्याची बुद्धि जागी होत नाहीं आणि दयाही झोपीं जाते. पांडूसारख्या पात्राचीही कसोटी हीच. त्याच्या विसरभोळेपणामुळें धन्याचा दरारा क्षणभर हास्यास्पद ठरत असेल, तर तो सांगलीच्या जुन्या विदूषकाचा खरा वारस. केवळ गरिबाच्या गड्याची कुचेष्टा होत असेल, तर तो वारस नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस मालिका काढावयाची नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु शाळेच्या स्नेहसंमेलनांत भुताचा प्रवेश असलेली नाटिका बसविण्याची हौस विद्यार्थ्यांस नेहमींच असते, आणि जुनी गाजलेली नाटिका पुन्हां करण्याकडे त्यांचा कल असतो. त्यांस आमची सूचना अशी: तालमीच्या पहिल्याच दिवशीं एकमेकांस विचारा, हें भूत कां आलें आहे? त्याच्यावर किंवा त्यानें कोणता अन्याय केला? याचें उत्तर मिळेपर्यंत पांढऱ्या चादरीस आणि फटाक्यांस हात लावूं नका. उत्तर मिळाल्यावर विनोद कोठें घालावा हें आपोआप उमजेल. तो आरंभीं भरपूर घाला, मध्यें घाबरलेल्या पात्राच्या तोंडीं घाला, ढोंगी मांत्रिकावर तर खुशाल उधळा. पण ज्या क्षणीं दुःखी माणूस बोलूं लागेल, त्या क्षणीं पडद्याआडच्या मंडळींनींही खोकूं नये.

पालकांसही दोन शब्द. मूल भुताची मालिका पाहतें म्हणून दूरचित्रवाणी बंद करणें सोपें आहे. पण बंद पडद्यामागचें भय मुलाच्या मनांत चालूच राहतें. त्यापेक्षां जवळ बसून पहावी. मूल दचकलें तर त्याची टिंगल करूं नये; मूल हंसलें तर तें कोणास हंसलें, एवढें हळूच विचारावें. घमेंडखोर अण्णांना हंसलें असेल तर आपणही हंसावें. सोसणाऱ्या माईंना किंवा वेडसर ठरविलेल्या एखाद्या पात्रास हंसलें असेल, तर त्या बिचाऱ्या जिवाच्या जागीं आपण असतों तर कसें वाटलें असतें, याची गोष्ट त्याच रात्रीं, दिवा मालविण्यापूर्वीं, मुलास सांगावी. भुताची मालिका दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येईल आणि जाईल. हंसतांना दुसऱ्याचें दुःख ओळखण्याची संवय मात्र लहानपणींच लागावी लागते.